कोरडी जमीन रिकामी नसते



दिवाळीच्या सुमारास आपल्या धारूर तालुक्यातून दोन वाटांनी माणसे बाहेर पडतात. एक वाट जुनी आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीचे पोते, एखादी शेळी आणि लहान लेकरे घेऊन ऊसतोडीची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. उन्हाळा लागेपर्यंत ती परत येत नाहीत. दुसरी वाट अलीकडची आहे. ज्यांच्या घरात महिन्याचा पगार येतो, ज्यांचे दुकान बरे चालते, ज्यांची मुले पुण्या-मुंबईत किंवा आखाती देशांत नोकरीला आहेत, अशी काही कुटुंबे सहलीला निघतात. पूर्वी ही सहल वेलंकनी, गोवा किंवा महाबळेश्वर येथे थांबत असे. आता ती जैसलमेरच्या वाळूपर्यंत आणि कोणाकोणाची तर दुबईच्या वाळवंटापर्यंतही पोहोचते.

सहलीहून आलेली मंडळी मोबाइलवर फोटो दाखवतात. मुलगा फळीवर उभा राहून वाळूच्या टेकडीवरून खाली घसरतो आहे, वडील लोखंडी सांगाड्याच्या उघड्या गाडीत कमरेला पट्टा बांधून बसले आहेत आणि गाडी टेकडीच्या माथ्यावरून खाली झेपावते आहे. पाहणाऱ्यांत दोन मते पडतात. वडीलधारी माणसे म्हणतात, "वाळूत लोळायला इतके पैसे? आपल्याकडे काय माती कमी आहे?" तरुण म्हणतात, "आमच्या कष्टाचा पैसा, आमची सुट्टी. यात कोणाचे काय बिघडले?"

आम्हाला वाटते, दोन्ही बाजूंचा प्रश्न खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. माणसाने मौजेसाठी खेळावे काय? खेळावे तर कोठवर? आणि जेथे जाऊन आपण खेळतो ती जागा कोणाची? या रविवारी थोडा याचाच विचार करू.

हा खेळ आहे तरी काय?

आधी खेळ समजून घेऊ. वाळूची टेकडी वाऱ्याने घडते. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूचा उतार सौम्य असतो. वारा वाळूचे कण त्या उतारावरून माथ्यापर्यंत वाहून नेतो आणि पलीकडे टाकतो. पलीकडची बाजू म्हणून उभी होत जाते. पण कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपेक्षा जास्त उभी राहू शकत नाही, त्याहून चढ झाला की ती आपोआप खाली ओघळते. खळ्यावर ज्वारीची रास घालणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कितीही ओता, रास एका ठरावीक उतारालाच थांबते. सँडबोर्डिंग या खेळात याच घसरत्या बाजूवरून फळीवर उभे राहून किंवा बसून खाली यायचे असते. वाळू बर्फासारखी गुळगुळीत नसते, म्हणून फळीच्या तळाला मेण चोळतात.

डून बग्गी ही वाळूत चालणारी हलकी गाडी. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या ब्रूस मेयर्स यांनी १९६४ साली फोक्सवॅगन बीटल मोटारीच्या भागांवर फायबरची हलकी बॉडी चढवून अशी गाडी तयार केली आणि तिचा बोलबाला जगभर झाला. वाळूत रुतू नये म्हणून अशा गाड्यांच्या चाकांतील हवा कमी करतात. चाक पसरट होते आणि वजन जास्त जागेवर विभागले जाते. जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर सम नावाचे गाव आहे. तेथील वाळूच्या टेकड्यांवर पूर्वी लोक उंटावर बसून सूर्यास्त पाहत. आता उंटाच्या जोडीला जीप आणि इतर गाड्याही धावतात. दुबईत तर दुपारनंतर मोठ्या गाड्यांच्या रांगाच वाळवंटाकडे निघतात.

खेळणे पाप आहे काय?

नाही. हे आम्ही प्रथमच स्पष्ट सांगतो, कारण काही भाविकांच्या मनात अजून अशी समजूत आहे की देवाला गंभीर चेहराच आवडतो.

संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांनी आपल्या मोठ्या ग्रंथात खेळाचा विचार केला आहे. ते एक जुनी कथा सांगतात. प्रेषित योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असल्याचे पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यात एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले, असा न थांबता बाण सोडत राहशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. योहानाने त्याला समजावले की माणसाच्या मनाचेही तसेच आहे. सदैव ताणलेले मन मोडते. संत थॉमस तर पुढे जाऊन असेही म्हणतात की जो स्वतः कधी हसतखेळत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्याखेळण्यालाही आडवा येतो, त्याच्याही अंगी दोष आहे.

आपल्याला हे कळायला हरकत नाही. वारकरी पंढरीच्या वाटेवर फुगडी घालतात, तेव्हा त्यांची भक्ती कमी होत नाही. आपली मुले पावसाळ्यात किल्ल्याच्या बाजूच्या ओल्या उतारावरून पोत्यावर बसून घसरतात, तेव्हा त्यांना सँडबोर्डिंग हा शब्दही माहीत नसतो, पण आनंद तोच असतो. उंचावरून खाली झेपावताना पोटात जो गोळा येतो, तो देवानेच दिलेल्या शरीराचा अनुभव आहे. वर्षभर दुकानात, शाळेत, कचेरीत किंवा शेतात राबलेला माणूस चार दिवस मोकळा हसला, तर घराचेही भले होते. म्हणून ज्येष्ठांना आमची नम्र विनंती, की तरुणांच्या मौजेला सरसकट उधळपट्टी म्हणू नका.

पण तेच संत थॉमस खेळाला तीन मर्यादाही घालतात. खेळात कोणाला इजा पोहोचेल असे काही असू नये. खेळताना माणसाने आपल्या मनाचा तोल पूर्णपणे सोडू नये. आणि खेळ त्या माणसाला व त्या वेळेला शोभणारा असावा. या तीन कसोट्या वाळवंटात नेऊन पाहू. सोपी आधी घेऊ.

तोल सुटण्याची गोष्ट

वाळू मऊ असते म्हणून पडले तरी काही होत नाही, असे अनेकांना वाटते. उंचावरून वेगाने पडणाऱ्याचे मनगट, खांदा किंवा मान वाळूतही दुखावते. बग्गी कलंडू शकते, म्हणून तर तिच्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा असतो. गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले आणि पाठीच्या कण्याचा त्रास असलेले यांनी अशा गाडीत बसू नये, असे चालवणारेच सांगतात. पण बरोबरची मंडळी आग्रह करतात, "बस गं, काही होत नाही," आणि नाही म्हणायची लाज वाटते.

प्रभू येशू ४० दिवस अरण्यात राहिला, ते आपण उपवासकाळात दरवर्षी ऐकतो. तेथे सैतानाने त्याला जी परीक्षा घातली, तिच्यातील एक उडी मारण्याची होती. मंदिराच्या टोकावरून खाली उडी घे, देवदूत तुला झेलतील, असे तो म्हणाला. येशूने उत्तर दिले की देवाची अशी परीक्षा पाहायची नसते. येथे येशू भित्रा होता काय? जो पुढे क्रुसाला सामोरा गेला त्याला भित्रा कोण म्हणेल? भय नसणे वेगळे आणि धैर्य वेगळे. धैर्य कोणाच्या तरी भल्यासाठी असते. फोटोसाठी, मित्रांनी डिवचले म्हणून किंवा चालकाला आणखी शंभराची नोट देऊन "अजून जोरात घे" म्हणत पत्करलेला धोका धैर्यात मोडत नाही. आपल्या मागे घरी कोण वाट पाहत आहे, हे विसरायला लावणारी मौज ही तोल सुटलेली मौज होय. पट्टा बांधावा, शिरस्त्राण घालावे, आणि जो नाही म्हणतो त्याला हसू नये. एवढे केले तरी ही मर्यादा पाळली जाते.

आपल्या सुट्टीत कोण राबतो?

दुसऱ्याला इजा नको, ही कसोटी अधिक अवघड आहे, कारण ती इजा आपल्या डोळ्यांसमोर होत नाही.

निर्गमाच्या पुस्तकात २३ व्या अध्यायात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आहे. ती देताना देव मालकाच्या विसाव्यावर थांबत नाही. बैलाला आणि गाढवाला विसावा मिळावा, दासीच्या मुलाला आणि परक्या माणसाला ताजेतवाने होता यावे, यासाठी तो दिवस आहे, असे तेथे कारण दिले आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली सृष्टीविषयीच्या आपल्या परिपत्रकात रविवारच्या विसाव्याबद्दल लिहिताना याच वचनाची आठवण करून दिली होती. म्हणजे पवित्र शास्त्राच्या दृष्टीने सुट्टीची कसोटी मला किती मजा आली ही एकटीच नाही. माझ्या सुट्टीसाठी जो राबला त्याला काय मिळाले, हेही विचारायचे आहे.

या प्रश्नाला किती जोर आहे, ते अरबस्तानातील उंटांच्या शर्यतींवरून कळते. संयुक्त अरब अमिरातीत या शर्यती श्रीमंतांचा आवडता खेळ. उंटावरचा स्वार जितका हलका तितका उंट वेगवान, म्हणून पाकिस्तान, बांगलादेश, सुदान, मॉरिटानिया अशा देशांतील गरीब घरांतली लहान लहान मुले आणून त्यांना उंटावर बसवत. वजन वाढू नये म्हणून त्यांना पोटभर खायलाही देत नसत. पुढे जगभरातून आवाज उठला. २००५ साली १८ वर्षांखालील मुलांना स्वार म्हणून वापरण्यावर कायद्याने बंदी आली, शेकडो मुलांना त्यांच्या देशांत परत पाठवले गेले आणि मुलांच्या जागी उंटाच्या पाठीवर लहान यंत्रे बसवण्यात आली. शर्यती बंद पडल्या नाहीत. आजही त्या होतात. खेळ राहिला आणि त्यातील अन्याय काढता आला. लोकांनी 'या उंटावर कोण आहे?' असे विचारले नसते, तर तो निघाला नसता.

जैसलमेरला किंवा दुबईला जाणाऱ्यानेही असेच काही साधे प्रश्न विचारावेत. आपली गाडी चालवणारा माणूस सकाळपासून किती फेऱ्या करून आला आहे? त्याला जेवायला वेळ मिळाला काय? दुबईच्या तंबूत ताटे उचलणारा मुलगा कदाचित आपल्याच देशातला असेल. त्याच्याशी आपण चार शब्द बोललो काय? त्या देशात उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात भर दुपारी उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे, कारण त्या उन्हात कामगार कोसळत. आखातात राबणाऱ्या माणसांची घरे महाराष्ट्रातही आहेत, हे विसरू नये.

समच्या उंटवाल्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. राजस्थान सरकारने २०१४ साली उंटाला राज्यप्राण्याचा दर्जा दिला. तरीही २०१२ च्या पशुगणनेत सव्वातीन लाखांच्या घरात असलेले राजस्थानातील उंट २०१९ च्या गणनेत २ लाख १३ हजारांच्या आसपास उरले. शेतीला ट्रॅक्टर आला, ओझ्याला ट्रक आला, आणि उंट पाळणे परवडेनासे झाले. अशा वेळी पर्यटकाने उंटाची फेरी घेतली, तर एका घराची चूल पेटते. पण उंट थकलेला, जखमी किंवा तहानलेला दिसला, तर त्यावर बसू नये आणि तसे मालकाला सांगावे. बैलाच्या विसाव्याची आज्ञा उंटालाही लागू आहे. आणि सर्वांनी उंट सोडून बग्गीच धरली, तर उंटवाल्याने काय करावे, हाही विचार मनात असू द्यावा. घासाघीस करताना दहा-वीस रुपयांसाठी त्याचा मान घालवू नये.

वाळवंट रिकामे आहे काय?

आता जागेचा प्रश्न. बग्गी चालवणारा सहज म्हणतो, "इथे काय आहे? नुसती वाळू. कितीही पळवा." आमच्या मते साऱ्या गफलतीचे मूळ या एका वाक्यात आहे. आणि ते वाक्य चुकीचे आहे, हे धारूरच्या माणसाइतके कोणाला ठाऊक असणार?

आपला तालुका बालाघाटाच्या डोंगरावर. माळ मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. १९७२ चा दुष्काळ थोरामोठ्यांच्या तोंडी आहे. २०१३ आणि २०१६ चे टँकर तर तरुणांनीही पाहिले आहेत. बाहेरचा माणूस घाटातून जाताना खिडकीतून पाहतो आणि म्हणतो, "काहीच नाही इथे." सरकारी कागदावरही अशा जमिनीला कित्येकदा 'पडीक' असाच शब्द असतो. पण आपल्याला माहीत आहे की त्या काहीच नसलेल्या माळावर दिवाळीच्या आसपास सीताफळे पिकतात आणि ती डोक्यावरून आणून विकणाऱ्या बायांचा दिवाळीचा खर्च त्यातून निघतो. त्या कुसळी गवतावर मेंढरे जगतात. गायरानावर ज्याची एक शेळी चरते, त्याच्या घरात तेवढेच दूध असते. उद्या कोणी शहरातून गाड्या आणून आपल्या गायरानावर मौजेखातर चाके फिरवली आणि "इथे काय आहे?" म्हणाला, तर आपल्याला कसे वाटेल? दुसऱ्यांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसे आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभूचा नियम जमिनीच्या बाबतीतही लावता येतो.

जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही. आपल्या बीड जिल्ह्याची सरासरी ६५० मिलिमीटरच्या पुढे-मागे आहे. त्या अपुऱ्या पाण्यावर तेथील लोकांनी शेकडो वर्षे संसार केले. पालीवाल ब्राह्मणांनी तेथे 'खडीन' नावाची पद्धत रुजवली. उताराच्या पायथ्याशी लांब मातीचा बांध घालायचा, पावसाचे वाहते पाणी अडवून जमिनीत मुरू द्यायचे आणि पाणी जिरल्यावर त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. पाणी अडवा, पाणी जिरवा, असे आपण म्हणतो, ते त्यांनी कितीतरी आधी करून दाखवले. आपल्या देवराईसारखी त्यांची 'ओरण' असते. देवाच्या नावाने राखलेली ती जमीन, तेथे कुऱ्हाड चालवत नाहीत. ज्या झाडाला आपण शमी म्हणतो, त्यालाच ते खेजडी म्हणतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून बिश्नोई समाजाची माणसे झाडांना मिठ्या मारून उभी राहिली. एकूण ३६३ जणांनी प्राण दिले, असे सांगतात. जेथे एका झाडासाठी माणसे मरण पत्करतात, त्या भूमीला रिकामी कसे म्हणावे?

तेथे माणसाबरोबर इतर जीवही आहेत. माळढोक हा उंच, जड पक्षी. मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळावर हे पक्षी असत, म्हणून १९७९ साली तेथे अभयारण्य झाले. आज तेथे माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला आहे. देशभरात मिळून १५० च्या आसपासच पक्षी उरले असावेत आणि त्यातील बहुतेक जैसलमेरच्या परिसरात आहेत. विजेच्या तारांना धडकून ते मरतात, हे मोठे कारण आहे. त्यात गाड्यांचा धुडगूस नको. आपण आपल्या माळावरून जो पक्षी गमावला, त्याच्या शेवटच्या आसऱ्याला पाहुणे म्हणून जाताना आपली चाल थोडी जपून असावी.

गाडीच्या चाकाने वाळूचे काय बिघडते, हाही प्रश्न विचारतात. वाळूच्या टेकडीवर जे गवत आणि झुडपे असतात, त्यांची मुळे वाळूला धरून ठेवतात. त्यांच्या आडोशाला सरडे, उंदीर, किडे राहतात. कॅलिफोर्नियातील अल्गोडोनेस या वाळूच्या पट्ट्यात संशोधकांनी गाड्या फिरणारा भाग आणि न फिरणारा भाग यांची तुलना केली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गाड्यांच्या भागात झुडपे आणि सरडे फार कमी आढळले. वाळूवरची चाकोरी वारा रात्रीत पुसून टाकतो, पण मोडलेले झुडूप वारा पुन्हा उभे करीत नाही.

त्यासाठी राजस्थानापर्यंत जायलाही नको. आपल्या कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर वाळूचे उंचवटे आहेत आणि त्यांवर जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली असते. तिचे मराठी नाव आहे मर्यादवेल. समुद्र आणि जमीन यांच्या मर्यादेवर ती वाढते आणि वाळूला बांधून ठेवते. हौशी पर्यटक जीप घेऊन थेट पुळणीवर उतरतात, तेव्हा चाकाखाली ही वेल जाते आणि कधी वाळूत पुरलेली समुद्री कासवांची अंडीही जातात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ही अंडी राखली. आता कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला दरवर्षी लोक तेथे येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचे जेवतात. तीही सहलच आहे. वाळूही आहे, आनंदही आहे आणि गावाला चार पैसेही मिळतात.

दुबईनेही आपल्या वाळवंटाचा सुमारे २२५ चौरस किलोमीटरचा एक तुकडा कुंपण घालून राखीव ठेवला आहे. तेथे अरबी ऑरिक्स हे हरिण पुन्हा वाढले आणि गाड्यांना ठरवून दिलेल्या भागातच फिरावे लागते. खेळाला जागा ठरवून देता येते, हे यावरून दिसते. म्हणून आपण जाल तेथे ठरलेल्या जागेतच गाडी न्यायला सांगा. चालक खूश करण्यासाठी झुडपांतून नेऊ लागला, तर त्याला थांबवा. फळीवर घसरणे हे त्या मानाने निरुपद्रवी आहे. तेथे वेग देणारी केवळ टेकडी असते, धूर नाही की गोंगाट नाही. दोन्हींत निवड करायची असेल, तर आमचा कौल फळीला आहे.

वेळ आणि माणूस

शेवटची कसोटी शोभण्याची. हा खेळ आपल्याला, या वेळी, शोभतो काय?

ज्या घरी कर्ज काढून सहल करावी लागते, त्या घराला ती शोभत नाही. शेजाऱ्याने केली म्हणून आपणही केली, ही सहल विसावा देत नाही, हप्ते देते. पण ज्याला परवडते त्याने काय करावे? आपली सहल आणि शेजारच्या वस्तीतील कोयत्याचे स्थलांतर एकाच महिन्यात होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती पहाटेपासून फडात उभी असते. हे दृश्य पाहून कोणी म्हणेल, तर मग आपण हसूच नये काय? हसावे. दुःख पाहून सर्वांनी हसणे सोडले, म्हणून दुखणाऱ्याचे दुःख हलके होत नाही. पण आपल्या आनंदात त्याचा वाटा असला, तर थोडे हलके होते.

म्हणून आम्ही एक साधी गोष्ट सुचवतो. जे कुटुंब सहलीला जाईल, त्याने सहलीच्या खर्चाचा दशांश बाजूला काढावा आणि ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेले आहेत अशा एखाद्या मुलाच्या वह्या-पुस्तकांना, गणवेशाला किंवा हंगामी वसतिगृहातील जेवणाला द्यावा. आजी-आजोबांकडे मागे राहिलेली अशी मुले आपल्या गल्लीतच सापडतील. त्यांना एखाद्या रविवारी घरी जेवायला बोलवा आणि वाळवंटाचे फोटो दाखवा. तीही मुलेच आहेत, त्यांनाही घसरगुंडी आवडते. सहलीची गोष्ट ऐकताना त्यांचे डोळे चमकले, तर ती सहल तुमच्या घरापुरती राहणार नाही.

पवित्र शास्त्रात हागार नावाची दासी आहे. घरातून काढून दिल्यावर ती लेकराला घेऊन अरण्यात भटकली, पखालीतले पाणी संपले, आणि लेकराचे मरण पाहवेना म्हणून ती दूर जाऊन बसली. तेथे देवाने तिचे डोळे उघडले आणि तिला पाण्याची विहीर दिसली. जेथे कोणी नाही असे वाटले, तेथे देव होता आणि पाणीही होते.

बंधुभगिनींनो, या सुट्टीत जे जाणार आहेत त्यांनी जरूर जावे. मुलांना वाळूत मनसोक्त लोळू द्यावे, आजीलाही एकदा फळीवर बसवून पाहावे. ज्यांच्या गाडीत बसाल आणि ज्यांच्या हातचे जेवाल, त्यांची नावे विचारून लक्षात ठेवा. परत आल्यावर मिस्सानंतर अंगणात फोटो दाखवाल, तेव्हा त्या माणसांविषयीही सांगा. त्यांच्यासाठी आपण सारे मिळून प्रार्थना करू, आणि त्याच प्रार्थनेत उसाच्या फडात असलेल्या आपल्या माणसांचीही नावे घेऊ.